पेरभर तार

दादांना काहीही चिकट दिसलं की त्यांची बोटं आपोआप पुढं व्हायची. लग्नात जिलबीवाल्याच्या पाकात, माझ्या दप्तरातल्या डिंकाच्या बाटलीत, एकदा तर माझ्या शांपूत. थेंब अंगठ्यावर घ्यायचा, त्यावर तर्जनी टेकवायची आणि दोन्ही बोटं सावकाश एकमेकांपासून लांब न्यायची. मधे तार निघायची. ती कुठवर जाते, कधी तुटते, ते दादा डोळे बारीक करून बघायचे. जिलबीवाला चिडायचा, माय लाजायची, आणि मी मंडपाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहायची. हा माणूस माझा बाप आहे हे कुणाला कळू नये, एवढीच माझी इच्छा असायची.

दादा सहकारी साखर कारखान्यात पॅनवर होते. पॅन म्हणजे उसाचा रस आटवून त्यात साखर धरवतात ते घराएवढं बंद भांडं. शिरूर कासारकडच्या आमच्या गावातली निम्मी माणसं दिवाळीच्या आगेमागे कोयते घेऊन ऊस तोडायला जायची. दादाही त्याच सुमारास निघायचे, पण त्यांच्याकडं कोयता नसायचा. ते उसाच्या दुसऱ्या टोकाला असायचे. गावातले म्हणायचे, आमी तोडायचा अन् ह्यानं चाटायचा. दादा नुसते हसायचे.

मी आठ-नऊ वर्षांची असताना एका दुपारी त्यांनी मला पॅनवर नेलं होतं. लोखंडी जिना होता, पायाला गरम लागत होता. पॅनला एक गोल जाड काच होती आणि तिच्यामागं कुठंतरी दिवा. काचेपलीकडं पिवळं, दाट काहीतरी वर यायचं, फुटायचं, पुन्हा वर यायचं. दादांनी पितळी दांडी आत सरकवून थोडा पाक काढला, बोटांवर घेतला, आणि तार ओढून मला दाखवली. तिच्यातून उजेड जात होता. कारखान्यात केवढा आवाज असतो, पण माझ्या आठवणीत तिथं आवाजच नाही. वाफेत दादा उभे आहेत, त्यांच्या दोन बोटांच्या मधे सोनेरी दोरा आहे, आणि सगळं पाण्याखाली चाललंय तसं सावकाश चाललंय. ते कुठलं वर्ष होतं ते मला आता सांगता यायचं नाही.

त्याच हंगामाची की पुढच्याची, एक गोष्ट घरात फार वर्षं सांगितली जायची. हंगामातल्या पहिल्या पॅनला चेअरमनसाहेब नारळ फोडायला येणार होते. यायला उशीर झाला. इकडं तार पेरभर आली. बोटाच्या एका पेराएवढी तार न तुटता आली की पॅन सोडायचा, म्हणजे खालचं झाकण उघडून सगळं खाली उतरवायचं, हा दादांचा हिशोब. थांबलं तर आतल्या आत दगड होतो, मग घणानं फोडा. दादांनी पॅन सोडून दिला. साहेब हारतुऱ्यांसकट वर आले तेव्हा भांडं रिकामं होतं. दादांना आठ दिवस घरी बसवलं. माय कपाळाला हात लावून म्हणाली, साहेबासाठी घटकाभर थांबला असता तर काय बिघडलं असतं? दादा म्हणाले, "तार आली की थांबायचं न्हाई. मंग कुनी का येईना."

पुढं मी नर्स झाले आणि शहरातल्या दवाखान्यात लागले. त्यानंतर पावसानं आमच्याकडं पाठच फिरवली. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. जो काही ऊस उभा होता तो गुरांच्या चाऱ्याला गेला आणि कारखान्याचं गाळप बंद पडलं. कारखान्याच्या आवारात चारा छावणी उभी राहिली. दादांना राखणीला ठेवलं होतं. सुट्टीत मी एकदा त्यांचा डबा घेऊन गेले, तर ते खाली दिसेनात. वर जाऊन बघितलं तर थंड पडलेल्या पॅनची ती गोल काच ते धोतराच्या सोग्यानं पुसत होते. दर आठवड्याला पुसत असत म्हणे. खिडकीतून खाली बघितलं की पांढऱ्या उन्हात शेकडो गाई उभ्या, एकीचीही मान हलत नव्हती. चिमणीला धूर नाही, आभाळाला ढग नाही. मला वाटलं, आपण सगळे कुणाच्या तरी झोपेत उभे आहोत आणि तो माणूस कूस बदलेपर्यंत असेच उभे राहणार.

त्याच दिवसांत त्यांचं पोट दुखायला लागलं. जेवलं की दुखायचं, वरच्या पोटात, आणि कळ आरपार पाठीत जायची. गुडघे पोटाशी घेऊन बसलं की बरं वाटायचं, म्हणून ते छावणीत तसेच बसून राहायचे. माय त्यांना पाटोद्याला सोनोग्राफीला घेऊन गेली.

इथं पाण्याचं सांगायला हवं. गावात टँकर यायचा तो कधी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा. आमच्या घरी पाहुण्याला अर्धा ग्लास पाणी द्यायचं आणि पाहुण्यानं त्यातलं घोटभर ठेवायचं, ही रीतच पडून गेली होती. दादा तर तोंड ओलं करायचे आणि उरलेलं तांब्यात परत ओतायचे. अशा माणसाच्या हातात पाटोद्याच्या डॉक्टरीणबाईंनी मोठी भरलेली बाटली दिली आणि सगळी प्यायला सांगितली. नीट समजावूनही सांगितलं: आतड्यात वारा असतो, त्याच्या आड मागचं स्वादुपिंड दिसत नाही, जठर पाण्यानं भरलं की त्यातून पलीकडचं दिसतं. दादांनी मान डोलावली, दोन घोट घेतले आणि बाटली पिशवीत घातली. बाईंनी विचारलं तेव्हा प्यालो म्हणाले. घरी येऊन ती बाटली त्यांनी शेळीच्या पाटीत रिकामी केली.

मला फोनवर त्यांनी हे मोठ्या फुशारकीनं सांगितलं. फिल्टरचं पाणी होतं, असं पाणी शेळीनं जन्मात प्यालं नव्हतं, म्हणाले. मी पोट धरून हसले. हसले तर हसले, दुसऱ्या दिवशी डबा खाताना ड्युटीवरच्या सगळ्यांना ती गोष्ट सांगितली. मी ज्या विभागात काम करते तिथं दिवसभर माणसांच्या पोटात दुर्बीण घालून बघतात. रिपोर्टवर लिहिलं होतं की स्वादुपिंड नीट दिसलेलं नाही, पुन्हा तपासावं. दुसरी कुणी असती तर चालून गेलं असतं, पण मला त्या ओळीचा अर्थ कळत होता. मायनं ती वाचून दाखवली तेव्हा मी म्हणाले, बघू निवांत. याची मला आजही लाज वाटते.

निवांत बघता बघता वर्ष गेलं. दादांचे गाल बसले, सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. रक्तात साखर निघाली. गावाला तेवढंच पाहिजे होतं. जन्मभर साखर केली, आता साखर वळखीनं घरी आली, असं पारावर चालायचं. मी जाऊन त्यांना शहरात घेऊन आले.

स्कॅन झाला. स्वादुपिंडाच्या मधून एक नळी जाते, काडेपेटीतल्या काडीएवढी. दादांची ती नळी करंगळीएवढी फुगली होती. आमच्या विभागाचे डॉक्टर, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, त्यांनी मला बसवून सांगितलं की दोन गोष्टी असू शकतात. जुन्या सुजेनं नळी तुंबली असेल तर आत पातळ पाणी असेल, मग औषधावर भागेल. पण नळीच्या अस्तरालाच गाठीची वाढ झाली असेल तर तिथून घट्ट, चिकट स्राव तयार होत असतो. ती वाढ आज साधी असली तरी उद्या कॅन्सरकडं वळते. तसं असेल तर तो भाग काढून टाकायचा, आणि लवकर. कुठलं आहे ते आतून बघितल्याशिवाय कळणार नाही.

दादांनी ऑपरेशनचा शब्द ऐकला आणि ते उठून चपला शोधायला लागले. ते म्हणाले, गावात बोअर पाडून पाडून रानाची चाळण झाली, कुठं काय लागलं? आता माझ्या पोटात भोकं पाडता का? पातळ निघालं तर औषध, चिकट निघालं तरच ऑपरेशन, असं मी समजावलं, चिडले, शेवटी भांडले. त्यांचं एकच होतं. पाऊस पडू द्या, ऊस उभा राहू द्या, कारखान्याचा एक हंगाम होऊ द्या, मग काय चिरायचं ते चिरा. त्यांच्याशिवाय पहिला पॅन कोण काढणार, ही त्यांची काळजी खरी होती. मला ती ऐकून रडू येत होतं आणि रागही येत होता. पाऊस कधी पडेल ते कुणाला ठाऊक होतं? नुसतं दुर्बिणीतून बघण्यापुरते ते कसेबसे तयार झाले. चिरायचं न्हाई, असं सरांकडून तीनदा वदवून घेतलं.

तपासणीच्या सकाळी मायनं मला जिन्यात गाठलं. काही वाईट निघालं तर त्यांना सांगायचं नाही, म्हणाली. हाय खातील, जेवण सोडतील. आमच्याकडं असंच करतात. सगळ्या गावाला माहीत असतं, फक्त पडलेल्या माणसाला गॅस झालाय म्हणून सांगतात. मी हो म्हणाले.

सरांनी मला दादांच्या डोक्याशी उभं राहू दिलं. दादा डाव्या कुशीवर, तोंडात प्लास्टिकची कडी, तोंड सरांच्या हातांकडं. सुईतून झोपेचं औषध गेलं आणि त्यांच्या पापण्या अर्ध्यावर येऊन थांबल्या. या दुर्बिणीच्या टोकाला छोटी सोनोग्राफी असते. स्वादुपिंड जठराच्या पाठीशी टेकलेलं असतं, त्यामुळं जठरात उतरून भिंतीपलीकडं बघितलं की ते जवळून दिसतं. पडद्यावर आधी नुसतं करडं धुकं होतं. सर म्हणाले, पाणी सोडा.

मी मोठी सिरिंज भरून नळीतून पाणी सोडायला लागले. एक सोडली, दुसरी सोडली, तिसरी भरली. पाटोद्याला जे पाणी त्यांनी शेळीला पाजलं होतं ते वर्षानंतर मी त्यांना पाजत होते, आणि त्यांना नको म्हणता येत नव्हतं. हळूहळू धुकं निवळलं आणि त्यातून ती नळी वर आली. सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं. रुंद, काळा, शांत ओढा, वळण घेऊन चाललेला. त्या वर्षी आमच्या तालुक्यातल्या कुठल्याच ओढ्यात एवढं पाणी नव्हतं. मी बघत राहिले आणि क्षणभर मला बरंच वाटलं, कसं कोण जाणे. मग काठाला चिकटलेला एक करडा उंचवटा दिसला. सरांनी तिथं चित्र थांबवून माप घेतलं.

पुढं लहान आतड्यात जाऊन त्यांनी ती नळी जिथं उघडते ते तोंड बघितलं. एरवी ते मिटलेलं, बारीक असतं. दादांचं उघडं होतं, माशाच्या तोंडासारखं, आणि त्यातून डिंकासारखं काहीतरी सावकाश बाहेर येत होतं. सरांनी सुई घालून नळीतलं पाणी ओढून घेतलं. बाटल्या भरल्या, त्यांवर चिठ्ठ्या लागल्या. सुईच्या टोकाशी एक थेंब उरला. तो सरांनी हातमोज्याच्या अंगठ्यावर घेतला, त्यावर तर्जनी टेकवली आणि बोटं लांब केली.

ते नेहमीच असं करतात. आतला स्राव पातळ की चिकट, याचा पहिला अंदाज असाच घेतात, मग प्रयोगशाळा काय सांगायचं ते सांगते. मी त्यांना हे करताना कितीदा तरी पाहिलं होतं आणि मला कधी काही आठवलं नव्हतं. त्या दिवशी मात्र आठवलं. वाफ आली, लोखंडी जिना आला, पिवळा उजेड आला. तार निघाली आणि वाढत गेली. तुट, तुट, असं मी मनात म्हणत होते. ती पेरभर झाली तरी तुटली नाही. सरांनी माझ्याकडं बघितलं आणि बोटं पुसून टाकली.

मी खाली बघितलं. दादांच्या पापण्या तशाच अर्ध्या उघड्या होत्या.

दुपारी त्यांना बाजूच्या खोलीत ठेवलं. पडदा ओढलेला होता, त्यातून ऊन पिवळं होऊन पलंगावर पडलं होतं. माय खाली नातेवाइकांना फोन करायला गेली होती. घसा बधिर होता म्हणून पाणी अजून द्यायचं नव्हतं. दादा बराच वेळ छताकडं बघत होते, कुठूनतरी लांबून परत येत असल्यासारखे.

"मी पॅनवर गेलतो का गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, न्हाई दादा, तुमी हितंच होते.

"माझ्याम्होरं कुनीतरी तार बगत व्हतं. हात माझा नव्हता."

त्यांना ते स्वप्न वाटत होतं. औषधाच्या गुंगीत माणसं काय काय बघतात, मी रोज ऐकते. सपान पडलं आसंल, एवढं म्हणाले असते तर गोष्ट तिथंच मिटली असती. मायला दिलेला शब्दही राहिला असता. दादा चार दिवसांनी गावी गेले असते, काच पुसत पावसाची वाट बघत बसले असते, आणि मी त्यांना गॅसच्या गोळ्या पाठवत राहिले असते. एकदा हसून मी वर्ष घालवलं होतं. आता गप्प बसून उरलेलं घालवायचं, एवढंच बाकी होतं.

"मला नीट दिसली न्हाई," ते म्हणाले. "किती गेली?"

मी हात वर केला. अंगठा आणि तर्जनी जुळवली आणि लांब नेली. लग्नमंडपात ज्या खुणेपासून मी पळून जायची ती खूण जन्मात पहिल्यांदा केली, तीही बापाला त्याच्याच पोटातलं सांगायला. दादांनी मनगट धरून माझा हात डोळ्यांजवळ घेतला आणि त्या रिकाम्या जागेकडं डोळे बारीक करून बघितलं.

"पेरभर?"

"पेरभर."

"मदी तुटली न्हाई?"

मी न्हाई म्हणून मान हलवली. खाली गाडीवर कुणीतरी चहाचे ग्लास विसळत होतं, त्याचा आवाज येत होता. दादांनी माझा हात सोडला नाही.

"मंग कशाला बसलाव आपन?" ते म्हणाले. "तार आली की थांबायचं न्हाई. पावसासाटी बी न्हाई. सांग तुज्या सरांला."

मी पलंगाच्या कडेला डोकं टेकून रडले. माय आली, तिनं माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं, आणि तिला कळलं. मी शब्द मोडला म्हणून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. काढलेल्या भागाचा कागद आला त्यात होतं की एका जागी पेशी बिघडायला सुरुवात झाली होती, पण त्या नळीच्या भिंतीबाहेर पडल्या नव्हत्या. सर म्हणाले, एक हंगाम थांबले असते तर काही सांगता आलं नसतं. पाऊस त्यानंतरही कितीतरी महिन्यांनी पडला.

पण मला ती दुपारच जास्त आठवते. तीनच्या सुमाराला सिस्टरनं पाणी द्यायला हरकत नाही म्हणून सांगितलं. मायनं सवयीनं अर्धा ग्लास ओतून त्यांच्यापुढं धरला. दादांनी तो हातात घेतला, आत बघितलं, आणि तिच्यापुढं परत केला.

"भर," ते म्हणाले.

तिनं काठोकाठ भरला. दादांनी तो एका दमात संपवला आणि ग्लासात घोटभरही पाणी ठेवलं नाही.